आगलाव्यांची चंद्रा, रणनवऱ्यांची लीला

खरं म्हणजे रणनवऱ्यांचे पाहुणे आले होते ते चंद्राला बघायला.

उंब्रजच्या गुंडाआप्पांच्या दोन लेकी. थोरली चंद्रा सतराची, धाकटी लीला चौदाची. विट्याच्या अलीकडच्या चिंचणवाडीचे रणनवरे म्हणजे खाऊन-पिऊन सुखी घर, आणि मुलगा हंबीरराव नुकताच पलटणीत लागलेला. निरोप आल्यापासून चंद्रा जात्यावर बसली की तोंडातल्या तोंडात एकच नाव घोळवायची : चंद्राबाई हंबीरराव रणनवरे. रणाचा नवरा तो रणनवरा. लढाईनंच ज्याला माळ घातली असा. दळण सरायचं, पण नाव सरायचं नाही.

पाहुणे आले. चंद्रानं पाटावर बसून नाव सांगितलं, हात दाखवले, चालून दाखवलं. मग सुपारीचं तबक घेऊन लीला आत आली. तिला पुढं करू नका असं आई म्हणाली होती, पण ऐनवेळी घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलाच्या आत्यानं लीलाकडं पाहिलं आणि शेजारणीकडं बघून भुवया उचलल्या. बाकी कुणाला दिसल्या नसतील, चंद्राला त्या भुवया दिसल्या. चार दिवसांनी मध्यस्थ आला आणि चपला काढता काढताच म्हणाला, “आप्पा, त्यास्नी धाकटी पसंत हाय.”

थोरली घरात ठेवून धाकटी द्यायची कशी? पण रणनवऱ्यांसारखं ठिकाणही हातचं घालवायचं नव्हतं. मग चंद्रासाठी धावाधाव सुरू झाली आणि कोरेगावजवळच्या तळवडीचं एक स्थळ घाईघाईनं ठरलं. मुलगा नाथाजी. उसाचं रान, पाण्यानं भरलेली विहीर, निर्व्यसनी माणूस. “आडनाव जरा तसलं हाय,” मध्यस्थ म्हणाला, “पर मानूस गुळावानी.”

आडनाव होतं आगलावे.

दोन्ही लग्नं एकाच मांडवात लागली. अक्षता पडायच्या आधी दोन्हीकडच्या मंडळींची नावं मोठ्यानं पुकारली. “चिंचणवाडीचे रणनवरे” म्हटल्यावर लोकांनी माना वळवून पाहिलं. “तळवडीचे आगलावे” म्हटल्यावर मागून कुणीतरी ओरडलं, “आरं, मांडवावर पानी मारा रं आधी!” सगळा मांडव हसला. मुंडावळ्यांच्या आडून चंद्रानं शेजारी पाहिलं. लीलाही हसत होती.

पुढं वर्षानुवर्षं चंद्राबाईला त्या मांडवातलं बाकी काही नीट आठवायचं नाही. लीलाचे दिसलेले दात तेवढे आठवायचे.

नाथाजी खरंच भला माणूस निघाला. पण आडनावानं त्याची पाठ सोडली नाही. गावात गुऱ्हाळ सुरू झालं की काहिलीखालच्या चुलवाणाला जाळ घालायला त्यालाच बोलवायचे. “आगलाव्या, ये गड्या, तुझं पिढीजात काम हाय,” असं म्हणून लोक हसायचे, आणि नाथाजीही हसत हसत चिपाडं सारायचा. चंद्राबाईला त्या हसण्याचा राग यायचा. माणसानं अपमान झाला की हसू नये, असं तिला वाटायचं. कुणाच्या कडब्याला चुकून ठिणगी लागली तरी पहिली मान आगलाव्यांच्या घराकडं वळायची, नि मग “चेष्टा केली, आवं” असं म्हणून सगळे विषय बदलायचे. मुलगा मधुकर शाळेत गेला, तिथंही मास्तरांनी हजेरीत नाव घेतलं की पोरं फूऽऽ करून फुंकर मारायची. मधुकर ते घरी येऊन करून दाखवायचा. त्याला त्याची मजा वाटे. बापावर गेला होता.

“आडनाव बदलून घ्या की,” चंद्राबाई नवऱ्याला म्हणायची. “लोक बदलत्यात. सरकारात अर्ज केला की झालं. तळवडीचं तळवडकर म्हना.”

“ऊस तळवडकरांचा म्हनून काय जास्ती गोड हुईल व्हय?” नाथाजी म्हणायचा आणि बैलांना पाणी दाखवायला जायचा.

दिवाळीला दोघी बहिणी माहेरी यायच्या. शेजारीपाजारी जमले की आई सांगायची, “ही आमच्या रणनवऱ्यांची लीला.” मग चंद्राबाईकडं वळून, “आन् ही चंद्रा.” एवढंच. आगलाव्यांची असं आई म्हणायची नाही. लेकीला बोचेल म्हणूनच ती टाळत असणार. पण चंद्राबाईला त्या टाळण्याचंच जास्त बोचायचं.

हंबीरराव रजेवर आला की काळ्या ट्रंकेतून सगळ्यांना काही ना काही आणायचा. बढती मिळत मिळत तो नायब सुभेदार झाला होता. एकदा त्यानं चंद्राबाईसाठी पलटणीच्या कँटीनमधून लोकरीचं ब्लँकेट आणलं. “आक्का, थंडीत लय ऊब देतं बगा,” म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुठं डौल नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. उर्मट असता तर त्याला नावं ठेवता आली असती. घरी गेल्यावर तिनं ते ब्लँकेट म्हशीच्या रेडकावर पांघरलं. त्याच हिवाळ्यात लीला तळवडीला आली, गोठ्याच्या दारात उभी राहून तिनं रेडकाकडं पाहिलं, आणि काही न बोलता आत येऊन भाजी निवडायला बसली. ती बोलली असती तर चंद्राबाईला बरं वाटलं असतं.

एकाहत्तर सालच्या डिसेंबरात लढाई पेटली. लढाई संपली, रेडिओवर विजयाच्या बातम्या झाल्या, गावात पेढे वाटले, आणि त्यानंतर चिंचणवाडीला तार आली. पूर्वेच्या आघाडीवर नायब सुभेदार हंबीरराव रणनवरे कामी आले होते.

चंद्राबाई मिळेल त्या एस.टी.नं गेली. लीला भिंतीला टेकून बसली होती, कपाळ पुसलेलं. चंद्राबाईनं तिला पोटाशी धरलं आणि ती खरंखुरं रडली. दोन दिवस तिनं लीलाला आपल्या हातानं घास भरवला, तिची लेक प्रमोदिनी हिची वेणी घातली, आलंगेलं पाहिलं. त्या दोन दिवसांत तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जिल्ह्याचे साहेब आले. मोटारी आल्या. सरपंच, पुढारी, शाळेची पोरं रांगेनं. साहेबांनी लीलापुढं हात जोडले आणि म्हणाले, “रणनवरेबाई, साऱ्या जिल्ह्याला तुमचा अभिमान आहे.” पोरांनी घोषणा दिली, “हंबीरराव रणनवरे, अमर रहे!” ते नाव शंभर तोंडांतून एकदम उठलं, आणि लीलाच्या मागं उभ्या असलेल्या चंद्राबाईच्या छातीत काहीतरी ओळखीचं हललं. जात्यावर घोळवलेलं नाव होतं ते. आपण तिथं असतो तर हे हात आपल्यापुढं जोडले गेले असते.

तिला स्वतःची इतकी किळस आली की ती मागल्या दारानं परड्यात गेली. कपाळ पुसलेल्या सख्ख्या बहिणीचा आपल्याला हेवा वाटतोय! तिनं तोंडावर पाणी मारलं. पाणी मारून ते गेलं नाही.

पुढच्या सुगीनंतर तळवडीला हेळवी आला. हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ तोंडपाठ ठेवणारा माणूस. दर काही वर्षांनी कानडी मुलखाकडून येतो, बैलावर बसूनच दारात उभा राहतो, घरातल्या सात पिढ्यांची नावं खणखणीत आवाजात म्हणतो आणि धान्य घेऊन पुढं जातो. हा सिद्राम हेळवी म्हातारा होता. त्याच्या मराठीला कानडी वळण होतं. त्यानं आगलाव्यांची नावं म्हटली. चंद्राबाईनं नेहमीपेक्षा मोठं सूप भरून जोंधळे आणले, वर गुळाची ढेप ठेवली, आणि इकडंतिकडं बघून विचारलं, “बाबा, आमचं हे नाव कुठनं आलं वो? कुनी गनिमाची छावनी पेटवली हुती का?”

हेळव्यानं तिच्याकडं पाहिलं. “आईसाब, नको ते इचारू.”

“सांगा की. सुनंला कळाया नगं व्हय?”

“दोन जावा हुत्या,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “थोरलीला धाकटीचं बघवत नव्हतं. धाकटीच्या कडब्याची गंज मोठी, थोरलीची ल्हान. थोरलीनं काडी लावली. वारं फिरलं, अर्धी वाडी जळाली. पंचांनी घराला हे नाव दिलं.”

“बाईनं लावली?”

“बाईनंच की.”

चंद्राबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून की मनात होतंच म्हणून, तिनं विचारलं, “आन् चिंचणवाडीच्या रणनवऱ्यांची घरं तुमच्याकडंच न्हवं? ते कुठल्या रणातलं?”

म्हातारा खुदकन हसला. “रणातलं कुठलं! रानातलं. त्येंचं मूळ नाव रानवरे. गावाच्या वरल्या रानात माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकायचं काम त्येंच्याकडं. पुढं कुनी शाळंत न्हाईतर पलटणीत लिवताना ‘रण’ केलं. येक कान्याचा आन् येक अक्षराचा फरक, आईसाब.”

हेळवी गेला. चंद्राबाई उंबऱ्यातच बसून राहिली. पहिली गोष्ट तिनं मनाच्या तळाशी पुरून टाकली. दुसरी मात्र गुळाच्या खड्यासारखी गालात धरली. पाखरं हाकणारे! चुलीपुढं बसली तरी तिला हसू यायचं. नाथाजीनं विचारलं, “काय गं, लय खुशीत हायस?” ती म्हणाली, “काय न्हाई.”

चिंचणवाडीनं हंबीररावांसाठी चावडीपुढं चबुतरा बांधला. काळ्या दगडावर नाव कोरलं. त्याच्या उद्घाटनाला लीलाचं बोलावणं आलं, तेव्हा तो खडा चंद्राबाईच्या गालातच होता.

दोघं नवराबायको आदल्या दिवशी पोचली. सकाळी परड्यात बायका भाकऱ्या थापत बसल्या होत्या. लीलाची चुलतजाऊ बनुबाई पीठ मळता मळता म्हणाली, “काय म्हना, नावावानीच मरान आलं भावजींना. रणाचं नवरंच ते.” बाकीच्यांनी माना हलवल्या. लीला तिथं नव्हती. चंद्राबाईच्या हातातली भाकरी गरगर फिरत होती, ती थांबली.

“रण कशाचं, बनुबाई,” तिच्या तोंडून गेलं. “रानवरे ते. पाखरं हाकनारं. आमच्या हेळव्यानं सांगितलं.”

 बनुबाईनं डोळे मोठे केले आणि पुन्हा पिठात हात घातले. पण दुपारी माणसं जमेपर्यंत ती गोष्ट भाकरीबरोबर घराघरात पोचली होती.

मांडवात गर्दी मावत नव्हती. दगडावरचं फडकं निघालं, फुलं पडली. पाहुणे म्हणून आलेले पुढारी बोलायला उभे राहिले आणि रंगात येऊन म्हणाले, “रणनवरे! मंडळी, रणाचा नवरा! या घराण्याचं नावच सांगतं...”

“रणाचा न्हवं, रानाचा!” मागून एक टारगट आवाज आला. “पाखरं हाकनारा!”

पाच-सहा जण हसले. बाकी मांडव दगडासारखा गप्प झाला.  लीला पहिल्या रांगेत बसली होती. तिनं पदर ओढून घेतला. तिच्या पाठीमागं बसलेल्या चंद्राबाईच्या कानांत ऊन शिरल्यासारखं झालं. हे आपल्याला हवं होतं का? हवं होतं. पण ते असं दिसेल याची तिला कल्पना नव्हती.

तेवढ्यात हंबीररावाचा म्हातारा बाप तात्याबा काठी टेकत उठला. कुणीतरी त्याच्यापुढं माईक धरला. म्हाताऱ्याला त्याची सवय नव्हती. तो माईकपासून लांबच उभा राहून बोलला, पण ऐकू सगळ्यांना आलं.

“बोलला त्यो कोन हाय मला ठावं न्हाई. पर खरं बोलला. आमी पाखरं हाकनारंच. माजा आज्जा माळ्यावर बसायचा, मी बसलोय, आन् हंबीरबी ल्हानपनी बसलाय. दुसऱ्याच्या दान्यावर पाखरू बसू द्यायचं न्हाई, ही आमची चाकरी. पोरानं तीच केली. तिकडं लांब जाऊन केली, एवढंच.” म्हातारा थांबला. “दगडावर काय लिवायचं ते लिवा.”

तो खाली बसला.  मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. पुढाऱ्यानं खाली उतरून म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला. बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या, बनुबाई सगळ्यांत जास्त. आणि त्या टाळ्यांत चंद्राबाई बसली होती, पिळवटून निघत. या घराला पाखरं हाकणारं म्हटलं तरी त्याची फुलं होतात. आपल्या घराचं खरं कुणी या मांडवात सांगितलं असतं तर? त्या क्षणी तिला जेवढा लीलाचा हेवा वाटला तेवढा मांडवात लग्न लागतानाही वाटला नव्हता.

पंगती उठल्यावर लीलानं तिला माजघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“आक्का, तूच सांगितलंस न्हवं?”

“खोटं न्हाई सांगितलं.”

“खोटं कुटं म्हन्ते मी? घरात समद्यास्नी ठावंच हुतं. मलाबी ठावं हुतं. पर आजच सांगायचं हुतं?”

चंद्राबाईच्या तोंडून माफी यायला हवी होती. आली ती भलतीच गोष्ट. “तू हसलीस,” ती म्हणाली. “माज्या लग्नात. आगलावे म्हनले आन् तू हसलीस.”

 “चौदा वर्साची हुते मी, आक्का. हसले आसंन.”

“आन् ते मला बगायला आलं हुतं. माजं हुतं ते घर. ते नाव माजं हुतं.”

लीला उठली. फडताळातून तिनं सरकारनं दिलेली पदकाची डबी काढली आणि चंद्राबाईच्या ओच्यात टाकली. “घे,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “घे तुजं नाव. दगडावरचंबी घेऊन जा. आन् दिस मावळायला रानातनं घरी येनारा मानूस मला दे. देतीस?”

बाहेर ओसरीवर नाथाजी तात्याबाशी बैलांच्या गोष्टी करत होता. त्याचं हसणं आत ऐकू येत होतं.

चंद्राबाईनं डबी पाटावर ठेवली.  बहिणीच्या अंगाला हात लावायचाही धीर होईना. ती दार उघडून बाहेर आली आणि नाथाजीला म्हणाली, “चला, गाडी चुकंल.”

एस.टी.त ती कराडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. कराडच्या स्टँडवर नाथाजीनं तिच्यासाठी चहा आणला आणि म्हणाला, “ते हेळव्याचं तुजंच काम न्हवं?” तिनं मान हलवली. मग तिनं त्याला सगळं सांगितलं. जावांचं, काडीचं, जळालेल्या वाडीचंही.

“ठावं हाय,” नाथाजी म्हणाला.

“तुमाला ठावं हाय?”

“माज्या आयनं सांगितलं हुतं. म्हनून तर कडब्याची गंज रचली की पयली पेंडी धाकट्या घरला द्यायची आपल्यात रीत हाय. तूच न्हेऊन देतीस की बाळासोच्या घरी. कशापायी वाटलं तुला?”

दरसाल ती बाळासोच्या, म्हणजे धाकट्या दिराच्या, घरी पेंडी घेऊन जायची. देवाधर्माचं काहीतरी असेल असं समजून. चहा निवत चालला होता. “मग तुमी मला कदी बोलला न्हाईसा,” ती म्हणाली.

“तू इचारलंस कवा?” नाथाजी म्हणाला. “तू नाव बदला म्हनायचीस. नाव बदललं आसतं तर पेंडी कुनी दिली आसती?”

त्यानंतर दोघी बहिणींचं येणंजाणं बंद पडलं. भांडण मिटवायला दोघींनाही कुणी गाठलं नाही, आणि आई तोवर गेली होती. संक्रांतीचा तीळगूळ नाथाजीच कुणाच्या तरी हाती धाडायचा आणि चिंचणवाडीहून हुरडा यायचा. चंद्राबाई हुरडा भाजायची, पण स्वतः खायची नाही.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी दारात एक उंच मुलगी पिशवी घेऊन उभी राहिली. लीलाची प्रमोदिनी. विट्यात मॅट्रिक झालेली, बापासारखे डोळे.

“मावशी, आईनं तुमच्याकडं धाडलंय,” ती म्हणाली आणि माजघरात येऊन रडायलाच लागली.

गोष्ट अशी होती की तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा सांगलीत शाळेवर मास्तर, घर चांगलं, देण्याघेण्याची अट नाही. तात्याबांनाही पसंत. पण आडनाव ढेकणे. प्रमोदिनीच्या मैत्रिणींनी ऐकल्यापासून तिला खाजवून दाखवायला सुरुवात केली होती. रणनवऱ्यांची मुलगी ढेकणे होणार! ती नाही म्हणत होती, आजोबा रागावले होते, आणि लीला दोन दिवस गप्प बसून शेवटी म्हणाली होती, “मावशीकडं जा. ती सांगंल तसं करू.”

“तसं म्हनली?” चंद्राबाईनं विचारलं.

“तसंच म्हणाली. म्हणाली, या गोष्टीतलं तिला जास्त कळतं.”

हे टोमणा म्हणून म्हटलं होतं की मनापासून, हे चंद्राबाईला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढंही तिनं कधी विचारलं नाही. तिनं मुलीला पाणी दिलं, समोर बसवलं.

“नाव वाईट न्हाई असं मी सांगनार न्हाई,” ती म्हणाली. “वाईटच हाय. लोक हसनार. पोरं झाली की पोरांना हसनार. मन मोठं कर असंबी मी सांगत न्हाई, माजं झालं न्हाई. पर मला येक सांग. तू बगितलंस त्येला?”

“बघितला.”

“त्येनं आपलं नाव सांगताना खाली बगितलं का?”

प्रमोदिनीनं आठवून पाहिलं. “नाही. आजोबांनी विचारलं तर म्हणाला, ‘ढेकणे. आमच्याकडं मुक्कामाला या, चावत नाही.’”

चंद्राबाईला हसू फुटलं. “आन् आय-बापाशी कसा बोलतो? जेवान वाढनारीला थांब म्हनतो का, का ताट सरकवतो?”

“आईनं वाढलं तर म्हणाला, ‘आधी तुम्ही बसा.’”

“मग काय बगायचं ऱ्हायलं गं? नाव दिवसातनं दोनदा घेत्यात. मानूस दिवसभर संगं आसतो. मी येका नावापायी वीस वर्सं घरातल्या मानसाकडं धड बगितलं न्हाई.” एवढं बोलून ती उठली आणि चुलीकडं गेली, कारण नाथाजी दारात पाय धूत होता.

लग्न ठरलं. लीलाला विधवा म्हणून कन्यादानाला बसता येत नव्हतं. बनुबाई आणि तिचा नवरा बसणार असं सगळे धरून चालले होते, पण लीला स्वतः तळवडीला आली. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “आक्का, दाजी आन् तू बसायचं.” चंद्राबाईनं “बरं” म्हटलं. माफीबिफीचं बोलणं तेव्हाही झालं नाही. चंद्राबाईनं तिला जेवायला थांबवून घेतलं आणि दोघींनी मिळून शेंगा फोडल्या.

लग्नाआधी आठवडाभर चंद्राबाई चिंचणवाडीत राबली. कन्यादानाला बसल्यावर प्रमोदिनीचा हात तिच्या हातात आला तेव्हा तिला कुठलंही आडनाव आठवलं नाही. पोरीचा तळवा घामानं भिजलाय एवढंच कळलं. नाथाजी ढसाढसा रडत होता.

विधी उरकल्यावर ती परड्याच्या दारात येऊन टेकली. लीला तिथं एकटीच उभी होती, शुभकार्यात मागं राहायचं म्हणून. समोर ढेकण्यांच्या बायका पंगतीला बसत होत्या. त्यांतली एक धिप्पाड बाई, मुलाची मामी असावी, गळ्यात ठसठशीत कोल्हापुरी साज, त्यावर मोहनमाळ, त्यावर आणखी काहीतरी घालून मांडवभर फिरत होती.

चंद्राबाई डोळे बारीक करून बघत राहिली.

“लीले,” तिनं हळूच बहिणीला कोपर मारलं, “ती बया बग. येवढं सोनं कुटनं आनलं आसंल गं?”

“मी मगापसनं तेच बगतीया,” लीला म्हणाली. “आन् जोडवी बगितलीस का? माप कुनी दिलं म्हनावं, बैलाचं व्हय?”

आणि पंगत उठेपर्यंत दोघी बहिणी दाराआड उभ्या राहून त्या बाईवर जळत राहिल्या.